तोंडाने नळी ओढताना डिझेल फुफ्फुसात गेलं – कुणाकडे असं झालंय का?

मळ्यातली | २ जून, रात्री ९:१५

आमचे धाकटे भाऊजी आज आठव्या दिवशी दवाखान्यातून घरी आले. काय घडलं ते इथे लिहून ठेवते, कारण पहिले तीन दिवस आम्ही निव्वळ न कळल्यामुळे घालवले.

आम्ही फलटण तालुक्यात. पाटाला पाणी आलेलं आणि विजेचा पत्ता नाही, म्हणून जुनं डिझेल इंजिन बाहेर काढलं. डिझेल होतं ट्रॅक्टरच्या टाकीत. भाऊजींनी नेहमीसारखी रबरी नळी टाकीत सोडली आणि दुसरं टोक तोंडात धरून ओढलं. पंधरा वर्षं ते हे असंच करत आलेत. या वेळी ओढता ओढता बांधावरून कुणी हाक मारली, लक्ष तिकडे गेलं आणि तोंडभर डिझेल घशात. असा ठसका लागला की चेहरा काळानिळा पडला. दहा मिनिटांनी थांबला. चूळ भरली, सासूबाईंनी गूळ दिला, ताक दिलं, आणि भाऊजी परत दारं धरायला गेले.

रात्री ताप १०२. उजव्या बरगडीखाली श्वास घेतला की टोचायचं. सकाळी गावातल्या डॉक्टरांनी उन्हाचा ताप म्हणून इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी थुंकीत रक्ताच्या रेघा आल्या, चार पावलं चालले तरी दम लागायला लागला. तालुक्याला नेलं. एक्स-रेमध्ये उजवीकडे खाली मोठा पांढरा डाग. टीबीसाठी थुंकी तपासायला घेतली. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले, जाऊबाईंनी मुलांना माहेरी पाठवायची तयारीसुद्धा केली.

संध्याकाळी मोठे डॉक्टर आले. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "गेल्या आठवड्यात पेट्रोल, डिझेल, रॉकेल काही तोंडात गेलं होतं का?" तोपर्यंत आमच्यापैकी एकानेही ते कुणाला सांगितलं नव्हतं. लपवलं नव्हतं हो. डिझेल पोटात गेलं असं धरलं होतं, आणि त्रास तर छातीत होता. दोन्हींचा संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही.

थुंकीत टीबी निघाला नाही. ऑक्सिजन लावला, वाफ दिली, आता बरे आहेत. खोकला आहे, जिना चढला की दम लागतो. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. फुफ्फुस पूर्वीसारखं होतं का? आणि पहिल्या दिवशी नेलं असतं तर फरक पडला असता का?

---

स्टेथोस्कोप | २ जून, रात्री ११:०२

मळ्यातली ताई, मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. तुमच्या भाऊजींना न तपासता त्यांच्याबद्दल ठाम बोलणार नाही, पण हा आजार मी बऱ्याचदा पाहिलाय. पुस्तकात त्याला हायड्रोकार्बन न्यूमोनायटिस म्हणतात. जंतूंमुळे होणारा न्यूमोनिया वेगळा. हा रसायनाने फुफ्फुस भाजल्यासारखा प्रकार आहे.

सगळ्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. डिझेल-रॉकेल पोटात गेलं तर ते पोटातून रक्तात फार कमी शोषलं जातं. जळजळ होईल, मळमळेल, जुलाब होतील. खरा घात श्वासनलिकेत गेलेल्या थेंबांनी होतो, आणि त्याला घोटभर लागत नाही. साधारण एक मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा, एवढंसुद्धा पुरतं.

फुफ्फुसातल्या बारीक हवेच्या पिशव्या आतून एका पातळ थराने माखलेल्या असतात. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. त्याच्यामुळे श्वास सोडल्यावर त्या पिशव्या मिटून चिकटत नाहीत. रॉकेल किंवा डिझेल तिथे पोचलं की हा थर विरघळवून टाकतं. पिशव्या मिटतात, भिंतींना सूज येते, आत पाणी आणि रक्त झिरपतं. म्हणून दम, म्हणून कुशीत टोचणं, म्हणून रक्ताच्या रेघा. उजवा श्वासमार्ग डाव्यापेक्षा रुंद आणि सरळ असतो, त्यामुळे डाग बहुधा उजवीकडे खाली दिसतो. तुमच्याकडे तेच झालं.

तुमच्या प्रश्नांबद्दल. मोठ्या माणसांत, वेळेवर ऑक्सिजन मिळाला की, बहुतेक जण काही आठवड्यांत चांगले बरे होतात. डाग निघून जायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो, त्याला घाबरू नका. पहिल्याच दिवशी नेलं असतं तर? फुफ्फुसात गेलेलं डिझेल बाहेर काढणारं किंवा त्याचा परिणाम उलटवणारं औषध नाही, त्यामुळे सूज यायची ती आलीच असती. पण ऑक्सिजन तीन दिवस आधी मिळाला असता आणि टीबीची धास्ती टळली असती. ठसक्याच्या दिवशी "डिझेल गेलंय" एवढं वाक्य डॉक्टरांच्या कानावर पडणं, हा सगळ्यात मोठा फरक.

घरी आता विडी-सिगारेट, चुलीचा धूर, फवारणी यांपासून त्यांना लांब ठेवा.

---

घाटमाथा | ३ जून, सकाळी ७:४०

वडील ट्रकवर होते. नळी ओढणं हा आमच्याकडे रोजचा प्रकार. क्लीनरला पहिलं शिकवायचे ते हेच. ठसका लागला की दोन-दोन दिवस ताप यायचा आणि सगळे म्हणायचे, डिझेल चढलं. आज कळलं काय चढायचं ते.

---

निशिगंध | ३ जून, दुपारी १:२०

हा धागा वाचून हात थरथरले. १९९६ सालची गोष्ट, आम्ही मुंबईत चाळीत राहायचो. मुलगी पावणेदोन वर्षांची. रेशनचं निळं रॉकेल मी सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून स्टोव्हजवळ ठेवलं होतं. मे महिना, दुपारची वेळ, पोरीला तहान लागलेली. मी दोरीवरचे कपडे काढत होते तेवढ्यात तिने बाटली तोंडाला लावली.

शेजारच्या काकूंनी तिला पालथी धरून घशात बोट घातलं. मीही मिठाचं पाणी पाजलं. दोनदा उलटी झाली, आम्हाला वाटलं, सुटलो, सगळं निघालं. अर्ध्या तासात ती कण्हायला लागली, प्रत्येक श्वासाला "हं हं" आवाज, नाकपुड्या फुलायच्या, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची. रुग्णालयात एका बाईंनी मला विचारलं, "उलटी कुणी करवली?" त्या रागावल्या नव्हत्या. तरी ते वाक्य मी विसरलेले नाही.

अकरा दिवस राहिलो. मुलगी वाचली. आज तिला स्वतःचं बाळ आहे. पण मला अजून वाटतं, पिताना कदाचित थोडंच गेलं असेल, बाकीचं मी माझ्या हातांनी तिच्या छातीत ढकललं. डॉक्टर, खरंच तसं असतं का?

---

स्टेथोस्कोप | ३ जून, रात्री १०:१०

निशिगंध ताई, उलटी करवल्याने धोका वाढतो हे खरं आहे. गिळलेलं परत वर येताना श्वासनलिकेच्या तोंडावरून जातं, आणि रडणारं मूल नेमका तेव्हाच श्वास ओढतं. पण तुमच्या मुलीच्या बाबतीत तेच कारण होतं असं कुणीही सांगू शकणार नाही. रॉकेल पिताना पहिल्याच घोटाला ठसका लागतो आणि तेव्हाच ते आत गेलेलं असतं. त्या काळी दवाखान्यांतसुद्धा पोट धुवायचे. तुम्हाला जे माहीत होतं ते तुम्ही केलंत. हे मनातून काढा.

पण आज वाचणाऱ्यांसाठी स्पष्ट लिहितो. रॉकेल, पेट्रोल, डिझेल, थिनर, टर्पेंटाइन यातलं काही पोटात गेलं तर उलटी करवू नका. मिठाचं पाणी नको, बोट नको, पालथं धरणं नको. दूध, तूप, तेल पाजू नका, पोट भरलं की उलटीची शक्यता वाढते. मुलाला बसतं धरा. कपड्यांवर सांडलं असेल तर कपडे काढून अंग साबणाने धुवा, रॉकेल तासभर कातडीवर राहिलं तर फोड येतात. बाटली सोबत घ्या आणि निघा. १०८ला फोन करा. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधा माहिती केंद्र आहे, त्यांचा चोवीस तासांचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७.

दवाखान्यात गेल्यावर लगेच काढलेला एक्स-रे स्वच्छ आला तर "काही नाही" म्हणून घरी पळू नका. डाग दिसायला काही तास लागू शकतात. ठसका, खोकला काहीच नसलेल्या मुलालाही आम्ही निदान सहा तास नजरेखाली ठेवतो, मग पुन्हा छाती तपासतो आणि तेव्हा कुठे सोडतो. घरी श्वास मोजता येतो. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे मिनिटाला चाळीस किंवा जास्त श्वास म्हणजे श्वास जलद आहे. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाला पन्नास. झोपाळूपणा आला तर रॉकेलची गुंगी समजू नका, बहुतेक वेळा मेंदूला प्राणवायू कमी पडत असतो.

---

रसायनाच्या बाई | ४ जून, दुपारी ४:३५

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. मुलं विचारतात की गोडेतेल प्यायलं तर काही होत नाही, मग रॉकेलच का? दोन्ही तेलंच. त्याचं उत्तर इथे देते, कारण ते पाठ झालं की कुठली बाटली धोक्याची हे आपलं आपल्याला ओळखता येतं.

पहिलं कारण पातळपणा. गोडेतेल चिकट असतं, घशातून सावकाश उतरतं, तेवढ्यात श्वासनलिकेचं झाकण बंद होतं. रॉकेल आणि पेट्रोल जवळजवळ पाण्याइतके पातळ, झाकण मिटायच्या आत निसटतात. युरोपातल्या नियमात यासाठी एक आकडाच ठरवलाय. ४० अंश सेल्सिअसला ज्याची गतिक श्यानता, म्हणजे चिकटपणाचं माप, सेकंदाला २०.५ चौरस मिलिमीटर किंवा त्याहून कमी आहे अशा हायड्रोकार्बनवर "गिळल्यास व श्वासमार्गात गेल्यास प्राणघातक ठरू शकते" असा इशारा छापावा लागतो. डिझेलची त्या तापमानाला दोन ते साडेचार असते. गोडेतेल पस्तिसच्या आसपास, एरंडेल तर दोनशेच्या वर.

दुसरं कारण पृष्ठताण, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग आक्रसून धरणारी ओढ. पाण्याचा मीटरला ७२ मिलिन्यूटन, रॉकेलचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून पाण्याचा थेंब फरशीवर फुगून बसतो आणि रॉकेलचा लगेच पसरतो. फुफ्फुसाच्या ओल्या भिंतीवरही तो तसाच पसरत जातो. एका जागी पडलेला थेंब खालच्या सगळ्या भागाला माखतो. वर्गात मी हे काचेच्या पट्टीवर करून दाखवते. एकदा पाहिलेलं मूल विसरत नाही.

तिसरं, पेट्रोल आणि थिनर आत गेल्यावर शरीराच्या उष्णतेने वाफ होतात आणि हवेची जागा अडवतात.

---

तांबडी_माती | ४ जून, रात्री ८:५०

आमच्या आजी खोबरेल तेल पाजायच्या, त्याने रॉकेल मारतं म्हणायच्या. दोन-तीन मुलं बरी झालेली मी स्वतः पाहिलीत. घरगुती उपाय सरसकट वाईट म्हणणं पटत नाही.

---

स्टेथोस्कोप | ४ जून, रात्री ९:३०

आजींचा जीव तुटत असणार म्हणूनच त्या धावत होत्या, त्याबद्दल मला आदरच आहे. रॉकेल तोंडात गेलेली पुष्कळ मुलं काहीही न करता बरी होतात, कारण फुफ्फुसात काही गेलेलंच नसतं. त्यांना तेल पाजलं तर श्रेय तेलाला जातं. ज्याच्या फुफ्फुसात गेलंय त्याच्या पोटात खोबरेल घालून फुफ्फुसाला काही मिळत नाही. उलट उलटी झाली तर आता दोन तेलं वर येतील.

जाता जाता, न्हाऊमाखू घालताना बाळाच्या नाकात तेलाचे थेंब टाकतात, तेही बंद करा. ते तेल ठसका न लागता गुपचूप खाली उतरतं आणि महिनोन्‌महिने न हटणारा खोकला मागे ठेवतं.

---

तांबडी_माती | ४ जून, रात्री १०:०५

पटलं. घरात दोन महिन्यांचा नातू आहे, रोज नाकात तेल पडतंय. आजपासून बंद.

---

पलिता | ६ जून, रात्री ११:५५

मी सहा वर्षं मिरवणुकीत तोंडाने जाळ काढायचो. शिवजयंती, गणपती, गावची जत्रा. तोंडात रॉकेल धरायचं, पलिता समोर, जोरात फुंकर. लोक शिट्ट्या मारायचे. भीती फक्त मिशा आणि चेहरा भाजायची. आतून काही होईल हे कुणी शिकवलंच नाही, कारण शिकवणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

विसर्जनाच्या रात्री, अकरावा की बारावा जाळ असेल, दमलो होतो. फुंकर मारायच्या आधी नाकाने श्वास घेतो आपण, तेव्हा जिभेचा मागचा पडदा सुटला आणि रॉकेल आत गेलं. आपोआप मोठा श्वास ओढला गेला, तो सगळ्यात वाईट. ढोल चालू होते, कुणाला कळलं नाही. मी कट्ट्यावर बसून खोकत राहिलो. दुसऱ्या दिवशी १०३ ताप, दोन्ही कुशी धरल्या. तेरा दिवस दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले याला जगभर नाव आहे, "फायर ईटर्स लंग", फ्रान्समध्ये रस्त्यावर आग ओकणाऱ्यांत पुष्कळ सापडतं.

आता मी लाठीकाठी आणि दांडपट्टा शिकवतो. पोरं जाळ काढायला मागतात तेव्हा मी माझा तेव्हाचा एक्स-रे दाखवतो. पथकात ते आता बंद आहे. दुसऱ्या पथकांतली सोळा-सतरा वर्षांची पोरं करताना दिसली की पोटात कालवतं. मंडळाच्या कार्यकर्त्यांना हात जोडून सांगतो, हे थांबवा.

---

राईनकाठ | ८ जून, रात्री १:१०

जर्मनीत राहते. इथे रॉकेलचे स्टोव्ह नाहीत, पण शोभेच्या दिव्यांचं तेल होतं. लाल, हिरवं, सुगंधी, अगदी सरबतासारखं. लहान मुलं ते प्यायली आणि काही दगावली. शेवटी युरोपीय संघाने असं रंगीत आणि सुगंधी तेल घरगुती वापरासाठी विकायला बंदी केली. २०१०च्या डिसेंबरपासून दिव्याचं तेल आणि शेगडी पेटवायचं द्रव जास्तीत जास्त एक लिटरच्या, काळ्या अपारदर्शक डब्यातच मिळतं. आणि लेबलवर लिहावं लागतं की एक घोट, किंवा दिव्याची वात नुसती चोखली तरी, फुफ्फुसाला जिवावर बेतणारी इजा होऊ शकते. वात चोखणं! मी दिवाळीत काचेच्या पणत्या आणते, त्यावरचं वाचलं तेव्हा पहिल्यांदा कळलं. तेव्हापासून त्या वरच्या फळीवर असतात.

आपल्याकडे अजून रॉकेल पाण्याच्या बाटलीत फिरतं, याचं फार वाईट वाटतं.

---

निशिगंध | ८ जून, सकाळी ९:२५

@राईनकाठ, अगदी हेच. आता घरोघरी गॅस आला, रॉकेल कमी झालं, म्हणून लोकांना वाटतं प्रश्न संपला. माझ्या मुलीच्या घरी गेले तेव्हा पाहिलं, रंगकाम करणाऱ्यांनी थिनर पाण्याच्या बाटलीत ठेवलेलं, गवत कापायच्या यंत्राचं पेट्रोल शीतपेयाच्या बाटलीत. डास घालवायच्या यंत्रातल्या द्रवाची बाटली जमिनीपासून हातभर उंचीवर खोचलेली. त्यातही रॉकेलसारखंच द्रावक असतं ना डॉक्टर?

---

स्टेथोस्कोप | ८ जून, दुपारी २:४५

बऱ्याचशा बाटल्यांत असतं, हो. वास काढलेलं रॉकेलच समजा. दक्षिण आफ्रिकेत मुलांना उघडता न येणाऱ्या झाकणाचे डबे घरोघरी वाटून पाहिले होते, तर रॉकेल पिण्याचे प्रकार जवळजवळ निम्म्यावर आले. उपदेशापेक्षा झाकण जास्त काम करतं.

---

ओढ्याकाठी | ९ जून, सकाळी ६:३०

ट्रॅक्टर दुरुस्ती करतो. ओढू नका म्हणायचं तर मग काढायचं कसं, तेही सांगायला हवं. टाकीखालचा कॉक बंद करा, फिल्टरकडे जाणारी नळी सोडवा, खाली डबा धरा, मग कॉक उघडा. टाकी वर असल्यामुळे डिझेल आपोआप येतं. काम झाल्यावर नळी परत बसवून हवा काढायला विसरू नका, नाहीतर इंजिन सुरू होणार नाही. ज्यांना हे नको त्यांनी हाताने दाबायचा रबरी फुगा असलेली नळी घ्यावी. पंपाच्या दुकानात मिळते, महाग नाही. माझ्या गॅरेजमध्ये पोरांना नळी तोंडाला लावू देत नाही. लावली तर त्या दिवशी घरी.

---

मळ्यातली | ११ जुलै, रात्री ८:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं सांगायला आले.

मधे आम्ही पुन्हा घाबरलो होतो. जूनच्या शेवटी एक्स-रे काढला तर पांढरा डाग बराच विरलेला, पण त्या जागी एक गोल, पातळ कडेची पोकळी दिसली. भाऊजींना ताप नाही, भूक चांगली, तरी पोकळी. जाऊबाई रडायलाच लागल्या. डॉक्टरांनी सिटी स्कॅन केला आणि हवेचा फुगा आहे असं सांगितलं. न्यूमॅटोसील. आपोआप जाईल म्हणाले.

---

स्टेथोस्कोप | ११ जुलै, रात्री १०:२०

बरोबर सांगितलंय त्यांनी. रसायनाने इजा झालेल्या भागात असे हवेचे फुगे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसतात. रुग्ण बरा होत असतानाच दिसतात म्हणून घरचे जास्त घाबरतात. बहुतेक वेळा ते काही महिन्यांत मावळतात, शस्त्रक्रिया लागत नाही. फक्त क्वचित फुटतात. अचानक एका बाजूला कळ येऊन दम कोंडला तर रात्र असो की दिवस, थेट रुग्णालय. पुन्हा ताप आला तरी दाखवा, त्या पोकळीत जंतुसंसर्ग होऊ शकतो. तोवर पोती उचलणं बंद, चालणं चालू ठेवा.

---

मळ्यातली | १२ जुलै, सकाळी ७:०५

भाऊजींचं पोती उचलणं घरच्यांनी आधीच बंद केलंय. काल भाऊजी विहिरीपर्यंत चालत गेले आणि न थांबता परत आले. पुढचा एक्स-रे सप्टेंबरमध्ये आहे, तो आला की इथे टाकते. ओढ्याकाठी दादा, फुगा असलेली नळी फलटणलाच मिळाली. वस्तीवरच्या दुसऱ्या तीन घरांसाठीही आणल्या. गावातल्या डॉक्टरांनाही हा धागा वाचायला दिला. ते म्हणाले, आता तापाच्या पेशंटला पेट्रोल-डिझेलचं विचारत जाईन.